लग्न आयकराला दिसत नाही, सातबाऱ्याला दिसते

(विशेष प्रतिनिधी)

हिंगोली - हळदीचा हंगाम उरकत आला की जिल्ह्यात लग्नसराईला जोर चढतो. मंडप उतरतो, पाहुणे परततात आणि मग कागदांचा दुसरा, बराच लांबलेला समारंभ सुरू होतो. समजा, वसमत तालुक्यातील एक शिक्षिका लग्न होऊन सेनगावला आली. तिच्या पॅन कार्डावर माहेरचे आडनाव, आधारवर सासरचे, बँकेच्या पासबुकात वडिलांच्या नावासह जुने नाव आणि शिधापत्रिका अजून माहेरच्याच गावी. व्यक्ती एक, कागदोपत्री तिघी. विवरणपत्र भरण्याची वेळ आली, की ती पहिला प्रश्न विचारते, 'आता आम्हा दोघांचा कर एकत्र भरायचा का?' या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. पण त्या 'नाही'च्या मागे-पुढे जे आहे, ते समजून घेतले नाही तर कधी कराची नोटीस येते, कधी योजनेचा हप्ता थांबतो आणि कधी जमिनीवरचा हक्क हातचा जातो.

कर व्यक्तीचा, जोडप्याचा नव्हे

भारतीय आयकर कायदा व्यक्तीला ओळखतो, जोडप्याला नाही. पतीचे विवरणपत्र वेगळे, पत्नीचे वेगळे. अमेरिकेत पती-पत्नी संयुक्त विवरणपत्र भरू शकतात आणि ३१ डिसेंबरला तुम्ही विवाहित आहात की नाही यावर त्या संपूर्ण वर्षाचा दर्जा ठरतो. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना म्हणूनच लग्नाच्या तारखेचेही करगणित मांडावे लागते. आपल्याकडे तसे काही नाही. सनदी लेखापालांच्या संस्थेने अलीकडच्या काळात संयुक्त विवरणपत्राची सूचना अर्थ मंत्रालयाकडे केली. पण १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या आयकर कायद्यातही ती सोय नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ चे विवरणपत्र तर जुन्याच कायद्यानुसार भरावयाचे आहे.

आपल्या करव्यवस्थेने लग्नाकडे कधीच पाहिले नाही, असे मात्र नाही. १९५५-५६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी विवाहितांसाठी करमुक्त मर्यादा १,५०० रुपयांवरून २,००० रुपये केली आणि अविवाहितांसाठी ती १,००० रुपयांवर आणली. संसाराचा भार वाहणाऱ्याला सवलत, हा त्यामागील विचार. हा भेद पुढे मागे पडला. स्त्रियांसाठी अधिक करमुक्त मर्यादा मात्र २०११-१२ पर्यंत टिकली. त्या वर्षी पुरुषांना १ लाख ८० हजार आणि स्त्रियांना १ लाख ९० हजार अशी मर्यादा होती. २०१२-१३ पासून तीही समान झाली. ती सवलतही स्त्री म्हणून होती. विवाहित की अविवाहित हा प्रश्न तेथे नव्हता.

व्यक्तिगत करआकारणीचा परिणाम मोठा आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये नव्या करपद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. पती-पत्नी दोघेही प्रत्येकी १२ लाख कमावत असतील तर त्या घराला कर शून्य. तेच २४ लाख व्यवसायातून एकट्यानेच कमावले तर उपकरासह ३ लाख १२ हजार रुपये कर होतो. घरात येणारा पैसा तेवढाच; फरक पडतो तो कमावणाऱ्या हातांच्या संख्येने. संयुक्त विवरणपत्राची मागणी होते ती यामुळेच.

या नियमाला देशात एक ठळक अपवाद आहे आणि तो आपल्या शेजारीच आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा म्हणून लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. त्यामुळे १९६१ च्या कायद्यातील कलम ५अ नुसार पगार वगळता इतर उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागून प्रत्येकाच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. घरभाडे, व्याज, दुकानाचा नफा यांचा अर्धा वाटा पत्नीच्या नावे धरला जातो. दमण-दीव व दादरा-नगर हवेलीलाही ते कलम लागू केले गेले. पणजीच्या दुकानदाराला जी विभागणी कायद्यानेच मिळते, ती हिंगोलीच्या दुकानदाराने स्वतःहून केली तर काय होते, हे पुढे पाहू.

पत्नीच्या नावे ठेव : पैसा कोणाचा?

'पत्नीच्या नावे मुदतठेव केली की कर वाचतो,' हा बाजारपेठेत सर्रास ऐकू येणारा सल्ला आहे. तो चुकीचा आहे. योग्य मोबदल्याशिवाय पतीने पत्नीला, किंवा पत्नीने पतीला, पैसा वा मालमत्ता दिली तर त्यापासूनचे उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. १९६१ च्या कायद्यात हे कलम ६४ होते. नव्या कायद्यातही तत्त्व तेच आहे. देणे गैर नाही, दिलेल्या रकमेवर करही नाही. पण त्या रकमेच्या व्याजाचा कर देणाऱ्यानेच भरावयाचा.

उदाहरण घेऊ. एका व्यापाऱ्याचे दुकानाचे उत्पन्न ११ लाख. त्याने बचतीतून पत्नीच्या नावे ठेव केली आणि तिचे व्याज आले दीड लाख. व्याज पत्नीचे धरले तर दोघांनाही कर नाही. कायद्याप्रमाणे ते पतीच्या उत्पन्नात मिळवले, की एकूण १२ लाख ५० हजार होतात आणि सीमांत सवलत धरूनही कर उपकरासह ५२ हजार रुपयांवर जातो. बँक व्याजाची माहिती पत्नीच्या पॅनवर कळवते, पतीच्या विवरणपत्रात ते दिसत नाही, आणि विसंगतीचे मूळ तेथेच असते. या व्याजाची पुन्हा गुंतवणूक केली तर त्या नव्या व्याजाचा कर मात्र पत्नीच्या नावे लागतो, हे ध्यानी ठेवावे.

दुकानातून पत्नीला पगार दाखवण्याचेही तसेच आहे. व्यवसायात पतीचा भरीव हितसंबंध असेल तर तो पगार पतीच्या उत्पन्नात धरला जातो. पत्नीकडे त्या कामाची तांत्रिक वा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या पात्रतेमुळे मिळत असेल तरच तिचा म्हणून मानला जातो. डॉक्टर पतीच्या रुग्णालयात डॉक्टर पत्नीचा पगार बसतो. केवळ सही करणाऱ्या पत्नीचा बसत नाही. अज्ञान मुलांचे व्याजासारखे उत्पन्नही आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्यात मिळते. विवाह संपुष्टात आला असेल तर जो मुलाचा सांभाळ करतो त्याच्यात.

हे नाते दोन्ही वेळी असावे लागते, मालमत्ता देताना आणि उत्पन्न होतानाही. वाङ्‌निश्चयानंतर पण लग्नापूर्वी दिलेल्या मालमत्तेला हा नियम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच स्पष्ट केले. मात्र तेथे दुसरा खड्डा आहे. नियोजित वधू-वर कायद्याच्या व्याख्येतील 'नातेवाईक' नसतात. त्यामुळे लग्नाआधीची वर्षभरातील ५० हजारांपेक्षा मोठी भेट घेणाऱ्याच्या हाती करपात्र ठरू शकते.

लग्नानंतर 'हिंदू अविभक्त कुटुंब' म्हणून वेगळा पॅन काढण्याचाही सल्ला दिला जातो. वडिलोपार्जित उत्पन्न असेल तर त्यात तथ्य आहे. परंतु स्वकष्टाचा पैसा त्यात टाकला तर त्याचे उत्पन्न पुन्हा टाकणाऱ्याकडेच येते, आणि १२ लाखांपर्यंतची ती सवलत व्यक्तींसाठी आहे, अविभक्त कुटुंबासाठी नाही.

आहेर आणि सोने

लग्नप्रसंगी वधू-वरांना मिळालेल्या भेटी, मग त्या नातेवाइकाच्या असोत वा परक्याच्या, कितीही रकमेच्या, करमुक्त असतात. अट इतकीच की भेट ज्याचे लग्न त्याला मिळालेली असावी. वधूपित्याच्या हाती पडलेल्या आहेराला ही सूट नाही. दुसरी अट रोखीची आहे. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका प्रसंगानिमित्त दोन लाख वा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारता येत नाही. स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. मोठा आहेर धनादेशाने घ्यावा आणि आहेराची वही जपून ठेवावी, हे शहाणपण जुनेच असले तरी आज अधिक कामाचे आहे.

सोन्याच्या बाबतीत मात्र आयकर खात्यानेही लग्न मोजले आहे. झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, अशी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची १९९४ ची सूचना आहे. ही सोने बाळगण्याची मर्यादा नव्हे. हिशेब असेल तर त्याहून अधिक सोनेही ठेवता येते. आणि हे सोने स्त्रीधन असेल तर ते सर्वस्वी तिचेच. पतीचा त्यावर हक्क नाही, याचा पुनरुच्चार सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये केला.

आडनाव बदलले, पॅन तोच

लग्नानंतर आडनाव बदललेच पाहिजे, असा कोणताही कायदा नाही. बदलायचे असेल तर सर्व ठिकाणी बदलावे, न बदलायचे असेल तर कोठेच बदलू नये. अर्धवट बदल सर्वांत त्रासदायक. पॅन क्रमांक जन्मभर एकच राहतो. लग्नानंतर नव्याने पॅन काढणे ही चूक आहे. दोन पॅन बाळगणे दंडास पात्र आहे. करावयाची असते ती नावातील दुरुस्ती. पॅन कार्डावर पतीचे नाव येत नाही. तेथे वडिलांचे नाव लागते आणि एकल मातेच्या अपत्याला २०१८ पासून केवळ आईचे नाव देता येते.

आधार आणि पॅनवरील नाव जुळले नाही, तर जोडणी अडते. १ जुलै २०२३ पासून न जोडलेले पॅन निष्क्रिय ठरले. त्याचा परिणाम असा, की परतावा थांबतो आणि व्याजावरील करकपात चढ्या दराने होते. आधारवरील नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते. म्हणून आधी कोणते नाव कायम ठेवायचे ते ठरवावे, मग विवाह प्रमाणपत्राच्या आधारे आधार, त्यानंतर पॅन आणि शेवटी बँक, असा क्रम ठेवणे सोयीचे. विवाह प्रमाणपत्राने भागले नाही तर राज्यपत्रात नावबदल प्रसिद्ध करण्याचा मार्ग आहे. पारपत्राच्या अर्जासाठी मात्र डिसेंबर २०१६ च्या निर्णयानंतर विवाह प्रमाणपत्राची सक्ती राहिलेली नाही.

महाराष्ट्रात १ मे २०२४ वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आला. विवाहित स्त्रियांसाठी स्वतःचे नाव, पतीचे नाव, आडनाव ही पद्धत त्याच निर्णयात कायम राहिली. मात्र मालमत्तेच्या दस्तऐवजात विवाहापूर्वीचे नाव लावण्याची मुभा त्यांना देण्यात आली.

सर्व कागदांचे मूळ : विवाह नोंदणी

हे सारे ज्यावर उभे राहते तो कागद म्हणजे विवाह प्रमाणपत्र. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत ही नोंद होते. विवाहापासून ९० दिवसांत ज्ञापन दाखल करावयाचे असते आणि त्यावर तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुदत उलटली तरी जादा शुल्क भरून नोंद करता येते. लग्नपत्रिका, छायाचित्रे, पुरोहित वा काझी यांची सही आणि साक्षीदार हे सारे लग्नाच्या आठवड्यात जितके सहज मिळते, तितके दहा वर्षांनी मिळत नाही. पती हयात असेपर्यंत हा कागद कोणी मागत नाही आणि नंतर मात्र प्रत्येक खिडकीवर मागतात. नोंदणीतील दिरंगाई महागात पडते ती स्त्रीलाच.

योजनांना कुटुंब दिसते

आयकराच्या दृष्टीने पती-पत्नी दोन व्यक्ती. शासकीय योजनांच्या दृष्टीने मात्र एक कुटुंब. हा फरक न कळल्याने अनेकांची गफलत होते. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीत पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब धरले जाते. जमीन दोघांच्या नावे असली तरी वर्षाचे ६ हजार रुपये एकालाच. मागील करनिर्धारण वर्षात आयकर भरलेला सदस्य कुटुंबात असेल तर तेही नाहीत.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या निकषांत विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रिया असे वैवाहिक दर्जानेच वर्ग पाडले गेले. कुटुंबातील एका अविवाहित स्त्रीलाही स्थान मिळाले. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आणि घरात आयकरदाता नसावा, या अटी ठेवल्या गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये पडताळणी सक्तीची झाली तेव्हा पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागण्यात आला आणि ज्यांना दोघेही नाहीत, त्या स्त्रियांपुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा : विवरणपत्र भरणे आणि कर भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कर्जासाठी शून्य कराचे विवरणपत्र भरलेला पती आणि प्रत्यक्ष कर भरणारा पती यांत फरक आहे. तक्रार करावी लागलीच, तर विवरणपत्राची पोच हाच पुरावा.

जात व उन्नत गटाच्या दाखल्यांत पुन्हा वेगळा न्याय. लग्नाने स्त्रीची जात बदलत नाही. तिचा जात दाखला वडिलांकडील पुराव्यावरच निघतो. इतर मागासवर्गीय विवाहित स्त्रीचा उन्नत गटाचा निकषही आई-वडिलांच्या स्थितीवर ठरतो, पतीच्या पगारावर नव्हे. आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्यात मात्र पती-पत्नीचे उत्पन्न एकत्र मोजतात. एकाच तहसील कार्यालयातून निघणारे हे दाखले. पण प्रत्येकात 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ निराळा.

दोन सातबारे : माहेरचा आणि सासरचा

जमिनीच्या बाबतीत लग्नाने एकेकाळी मुलीचा हक्कच हिरावला होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांबरोबर वाटा दिला; पण २२ जून १९९४ पूर्वी ज्यांचे लग्न झाले त्यांना वगळले. एका तारखेने सख्ख्या बहिणींत भेद केला. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद पुसला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हा हक्क जन्माने मिळतो. २००५ मध्ये वडील हयात होते की नाही याने फरक पडत नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम राहतात. लग्न झालेल्या मुलीने हक्कसोडपत्रावर सही करावीच, असे कायदा कोठेही म्हणत नाही. सही करायची की नाही, हा तिचा निर्णय.

सासरच्या सातबाऱ्यावर पत्नीचे नाव पतीच्या हयातीतच लावण्याची सोय आहे. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांनी उभ्या केलेल्या 'लक्ष्मी मुक्ती' मोहिमेनंतर १९९२ मध्ये शासनाने परिपत्रक काढले. पतीने तलाठ्याकडे अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागते. तीन दशके होऊन गेली तरी ही सोय अनेक घरांत माहीतही नाही. शेतीचे उत्पन्न मुळात करमुक्त. शिजवून, वाळवून बाजारात आणलेली स्वतःच्या शेतातील हळदही त्यात मोडते. शेतीचे उत्पन्न ५ हजारांवर आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल तेव्हाच ते कराचा दर ठरवण्यापुरते मोजले जाते. त्यामुळे नाव लावल्याने कर वाढेल, ही भीती बहुतेक शेतकरी कुटुंबांत अनाठायी आहे.

पती गेल्यानंतर, नाते तुटल्यानंतर

खातेदाराच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसाची माहिती द्यावयाची असते. हिंदू वारसा कायद्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे चौघेही प्रथम श्रेणीचे, समान वाट्याचे वारस. मृतांच्या नावांचे सातबारे अद्ययावत करण्यासाठी एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम घेण्यात आली, यावरूनच किती नोंदी रखडल्या होत्या याची कल्पना यावी. मृत व्यक्तीचे त्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने आयकर संकेतस्थळावर वारस म्हणून नोंदणी करून भरावयाचे असते. पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन तिचे स्वतःचे उत्पन्न ठरते. नव्या पद्धतीत त्याचा एक तृतीयांश किंवा २५ हजार रुपये, यांपैकी कमी असेल तेवढी वजावट मिळते.

बँकेतील नामनिर्देशनाबाबत मोठा गैरसमज आहे. नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारते, मालक होत नाही, मालकी वारसांची. समभागांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. भविष्य निर्वाह निधीत अविवाहित असताना केलेले नामनिर्देशन लग्नानंतर निरर्थक ठरते. ते नव्याने करावेच लागते. अपत्य नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्राविना गेली तर तिची स्वतः कमावलेली मालमत्ता पती नसल्यास त्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आई-वडिलांकडे नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवण्याचे आवाहन केले ते याच कारणाने.

घटस्फोटात एकरकमी मिळालेली पोटगी भांडवली प्राप्ती मानली जाते, तर दरमहा मिळणारी पोटगी उत्पन्न ठरते, असा मुंबई उच्च न्यायालयाचा १९८० च्या दशकातील निकाल आहे. विभक्त राहण्याच्या करारापोटी पत्नीला दिलेल्या मालमत्तेचे उत्पन्न पतीकडे मिळवले जात नाही. सर्वांत बिकट स्थिती असते ती परित्यक्तेची. घटस्फोट नाही, म्हणून कागदावर ती विवाहित. पतीचा आधार क्रमांक मिळत नाही, म्हणून पडताळणी अडलेली. माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव केव्हाच कमी झालेले. आयकराच्या अर्जात तिला कोणी पतीचे नाव विचारत नाही, पण बाकीच्या बहुतेक अर्जांत तो रकाना असतोच. अशा स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानुसार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो, हे तिला कोणीतरी सांगण्याची गरज आहे.

लग्नानंतर वर्षभरात एवढे करून ठेवावे : विवाह नोंदणी, एकच नाव ठरवून आधार, पॅन व बँक खात्यात तेच, शिधापत्रिकेत माहेरचे नाव कमी करून सासरी नोंद, नामनिर्देशने नव्याने, आणि जमीन असेल तर सातबाऱ्यावर पत्नीचे नाव. मुहूर्त पाहून केलेल्या लग्नाचे हे पाच कागद मात्र मुहूर्ताची वाट पाहत पडू देऊ नयेत.